बेळगावहून धोलावीरा: रणातलं पाच हजार वर्षांचं शहर नीट बघायचं असेल तर

धोलावीऱ्याला मी दोनदा गेलो, पण बघितलं एकदाच.

पहिल्या खेपेला आम्ही पाच जण होतो. भुजमध्ये सावकाश दाबेली-चहा उरकून अकराला निघालो, वाटेत पांढऱ्या रणात फोटो काढत बसलो आणि अवशेषांच्या दारात पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. फेब्रुवारीचा शेवट. गाडीत लिटरच्या दोन बाटल्या, त्यातली एक अर्धी. येळ्ळूरचा मेहुणा कमरेवर हात ठेवून चारी बाजूंना बघत म्हणाला, "काय बघायचं हाय इथं भावजी? नुसते दगडच की!" त्याचं चुकलं नव्हतं. डोक्यावर ऊन, घशाला कोरड आणि समोर काय आहे याची कुणालाच कल्पना नाही. चाळीस मिनिटांत सगळे परत गाडीत. ड्रायव्हरभाईने मागे वळून एकच प्रश्न विचारला, "पाणी केटलुं छे?" आणि आम्ही बाटली उचलून दाखवली तेव्हा त्याने जो चेहरा केला, तो मला अजून आठवतो.

दुसऱ्या खेपेला तयारी करून गेलो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी भागातून कुणाला जायचं असेल, तर त्या तयारीचा हा हिशेब. मुंबई-पुण्याच्या माणसाने लिहिलेली माहिती आपल्याला पुरत नाही, कारण आपली गाडी वेगळी, आपली सुट्टी वेगळी आणि पाण्याबद्दलची आपली सवय तर फारच वेगळी. ज्यांच्या तालुक्यात कणकुंबीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यांनी अशा ठिकाणी जायचं, जिथे तीनशेच्या आत-बाहेर पडला तरी लोक बरं वर्ष म्हणतात.

आधी घरी बसून

धोलावीरा कच्छच्या मोठ्या रणात, खदीर नावाच्या बेटावर आहे. मराठीत रण म्हटलं की लढाईचं मैदान डोळ्यांपुढे येतं. इथलं रण म्हणजे मिठाचा ओसाड सपाट मुलूख, पावसाळ्यात पाण्याखाली जाणारा आणि हिवाळ्यात पांढरा पडणारा. बेट हा शब्द मात्र जसाच्या तसा आपला. चारी बाजूंना रण आणि मध्ये थोडी उंच खडकाळ जमीन. तिथेच सिंधू संस्कृतीच्या लोकांनी इ.स.पू. ३००० च्या सुमारास वस्ती केली आणि ती दीड हजार वर्षं चढउतार बघत टिकली. गावकरी त्या उंचवट्याला कोटडा म्हणत. १९६७-६८ मध्ये पुरातत्त्व खात्याचे जगतपती जोशी यांनी जागा नोंदवली. पद्धतशीर उत्खनन रवींद्रसिंह बिष्ट यांच्या नेतृत्वाखाली १९९० च्या सुमारास सुरू झालं आणि २००५ पर्यंत चाललं. २०२१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत नाव आलं.

आता महत्त्वाचं. आपल्याकडे जुनं म्हणजे उभं असतं. हलशीचं भूवराह-नरसिंहाचं देऊळ, देगावचं कमलनारायण, किल्ल्यातली कमल बस्ती. शिखर दिसतं, खांब दिसतो, हात लावला की नक्षी लागते. धोलावीऱ्यात उभं असं फारसं काही नाही. तिथे जोती आहेत, भिंतींचे खालचे थर आहेत, खड्डे आहेत. ते वाचावं लागतं. गावच्या पांढरीचं, म्हणजे जुन्या वस्तीच्या जागेचं टेकाड ज्यांनी पाहिलंय त्यांना हे लवकर कळेल. बेळगावात वडगाव-माधवपूरला जमिनीखाली सातवाहनकाळची वस्ती निघाली, पण त्या रस्त्याने रोज जाणाऱ्या किती जणांना ती दिसते?

म्हणून निघण्याच्या आठ-दहा दिवस आधी एक काम करा. कागदावर शहराचा आराखडा काढा. बाहेरची तटबंदी सुमारे ७७१ मीटर लांब आणि ६१७ मीटर रुंद. आत दक्षिणेकडे सगळ्यात उंच बालेकिल्ला, त्याला लागून पश्चिमेला एक तटबंद वाडा, उत्तरेला मोठं मोकळं मैदान, त्यापलीकडे मधलं नगर आणि पूर्वेला खालचं नगर. या सगळ्याभोवती पाण्याचे हौद. शहराच्या उत्तरेने मानसर आणि दक्षिणेने मनहर असे दोन ओढे जातात. पावसाळ्यातले थोडे दिवस सोडले तर दोन्ही कोरडे. एवढं स्वतःच्या हाताने काढलं की जागेवर गेल्यावर डोळे आपोआप शोधू लागतात. मुलांकडून काढून घेतलंत तर उत्तम. आमच्या भाचीने काढलेला कागद दुसऱ्या खेपेला सगळ्यांनी वापरला.

जमलं तर उन्हात चालण्याची सवय करायला एकदा ऐहोळे-बदामी करून या, तेही एप्रिलमध्ये नव्हे. दोन तास उघड्या दगडावर चालल्यावर कुणाचं डोकं दुखतं, कुणाची चप्पल तुटते, हे घराजवळ कळलेलं बरं.

कधी जायचं

गणपतीच्या सुट्टीत जाऊ नका. रणात पाणी असतं, हवा दमट असते. दिवाळीत ऊन अजून कडक असतं आणि मीठ नीट वाळलेलं नसतं. नाताळात तिकडे रणोत्सवाची गर्दी, राहण्याचे दर चढलेले. संक्रांतीला गुजरातभर पतंग, गाड्या भरलेल्या. माझ्या मते संक्रांत उलटल्यावर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा काळ सगळ्यात चांगला. दिवसा हवा सुखाची असते. रात्र मात्र थंड, आणि ही थंडी बेळगावची नव्हे. आपल्याकडे झाडं वारा अडवतात. तिकडे मैलोनमैल वाऱ्याला आडवं काही नाही, पारा दहाच्या खाली जाऊ शकतो. कानटोपी आणि जाड स्वेटर घ्याच. मार्चच्या पुढे तिकडे फक्त कामासाठी जावं.

आणखी एक छोटी गोष्ट, जी कुणी सांगत नाही. कच्छ आपल्या बरंच पश्चिमेला आहे. जानेवारीत तिथे सूर्य उगवायला साडेसात होतात, म्हणजे आपल्यापेक्षा जवळजवळ अर्धा तास उशिरा. पहाटे पाचला सगळ्यांना उठवून गाडीत बसवाल तर अंधारात रणाच्या रस्त्यावर गाडी हाकावी लागेल. तसं करू नका.

पोचायचं कसं

बंगळूर-गांधीधाम एक्स्प्रेस हुबळी, बेळगाव, मिरज, पुणे, सुरत, अहमदाबाद या वाटेने जाते. आठवड्यातून एकच फेरी आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंची तारीख आधी बघा आणि मग रजेचा अर्ज करा. प्रवास एक दिवसाहून जास्त लागतो. ती जमली नाही तर बेळगावहून दादरला जाणारी गाडी धरा, आणि दादर किंवा वांद्र्याहून रात्रीची भुजची गाडी. मध्ये मुंबईत अर्धा दिवस मोकळा राहील असं बघा, मिनिटांचा जोड ठेवू नका. स्वतःची गाडी घेऊन तेराशे-चौदाशे किलोमीटर हाकत जाणारेही आहेत. मी जात नाही, कारण खरं चालवायचं असतं ते भुजच्या पुढे, आणि तिथे दमलेला ड्रायव्हर कामाचा नसतो.

गांधीधामहून भुज साधारण साठ किलोमीटर. तिथे एक रात्र मुक्काम करा, आणि गाडी तिथल्याच माणसाची घ्या. त्याला रण कळतं.

भुजहून धोलावीऱ्याला दोन वाटा आहेत. जुनी वाट भचाऊ-रापर मार्गे, सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. नवी वाट खावड्यावरून थेट रणातून, ती सुमारे एकशेचाळीस. या नव्या रस्त्याचा जवळजवळ तीस किलोमीटरचा तुकडा दोन्ही बाजूंना पांढरं मीठ ठेवून सरळ जातो. लोक त्याला स्वर्गाचा रस्ता म्हणतात, आणि म्हणूनच तिथे गाड्या कशाही उभ्या केलेल्या असतात. जाताना खावड्याची वाट आणि परतताना रापरची वाट, असं केलंत तर एकच रस्ता दोनदा बघावा लागत नाही, शिवाय रापर-भचाऊवरून उतरलं की गांधीधामची गाडी सोयीची पडते.

भुजहून सकाळी नऊला निघा. डिझेल-पेट्रोलची टाकी भुजलाच पूर्ण भरा, पुढे बघू म्हणू नका. खावड्याच्या रस्त्यावर कर्कवृत्ताची पाटी लागते, मुलांना तिथे पाच मिनिटं उतरवा. वाट थोडी वाकडी करून काळो डुंगरवर जाता येतं. कच्छमधली ती सगळ्यात उंच जागा, सुमारे ४६० मीटर. राजहंसगडावर चढलेल्यांना ही उंची काहीच नाही, पण वरून रण कसं पसरलंय ते एका नजरेत कळतं. धोर्डोच्या पांढऱ्या रणात जायचं असेल तर भिरंडियारा नाक्यावर परवाना घ्यावा लागतो. सगळ्यांची ओळखपत्रं हाताशी ठेवा. हा सरहद्दीचा भाग आहे, सीमा सुरक्षा दलाचे जवान विचारतात, आणि विचारलंच पाहिजे.

दुपारी तीनच्या आत धोलावीऱ्यात पोचायचं.

पाणी, आणि मग बाकीचं

माणशी दिवसाला चार लिटर. यात आंघोळ नाही, हे नुसतं पिण्याचं. पाच माणसं, दोन दिवस, म्हणजे चाळीस लिटर. भुजमध्ये वीस लिटरचे दोन कॅन भरून डिकीत टाका आणि प्रत्येकाच्या हातात एक बाटली द्या. खदीरवर जमिनीतलं पाणी बहुतेक खारट. दुकानात बाटल्या मिळतात, पण मिळतात म्हणून जाणं आणि बरोबर घेऊन जाणं यात फरक आहे. आमच्या शहापुरात उन्हाळ्यात टँकरची वाट बघत बादल्या भरून ठेवायची सवय सगळ्या घरांना आहे, तीच सवय इथे चालवायची.

तहान लागल्यावर प्यायचं नाही, अर्ध्या तासाला दोन घोट प्यायचे. कोरड्या वाऱ्यात घाम अंगावर दिसतच नाही, त्यामुळे माणूस फसतो. लघवी गडद पिवळी झाली, डोकं ठणकू लागलं, चिडचिड सुरू झाली, की समजा शरीर कोरडं पडलंय. मीठ-साखरेचं पाणी कसं करायचं ते सगळ्यांना पाठ पाहिजे: एक लिटर स्वच्छ पाणी, सपाट भरलेले सहा चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. मीठ रणातलं उचलू नका. हसू नका, आमच्यात एकाने विचारलं होतं.

खाण्याचं आपल्या भागाकडे उत्तर तयार आहे. कडक भाकरी, शेंगदाण्याची आणि कारळ्याची चटणी, भडंग. कडक भाकरी आठ दिवस काही होत नाही, हलकी असते, आणि पोट भरतं. गोड म्हणून गोकाकचा करदंट घ्या. डिंक, गूळ, सुका मेवा, उन्हात टिकणारा आणि दोन तुकड्यांत तरतरी आणणारा. कुंदा घरी ठेवा. खव्याचं काहीही त्या गाडीच्या डिकीत दुसऱ्या दिवशी उघडण्यालायक राहत नाही, हे आम्ही नातेवाइकांसाठी नेलेल्या एका किलोच्या डब्याने सिद्ध केलं आहे. मुक्कामाला बाजरीचा रोटला, कढी-खिचडी आणि ताक मिळतं. ताक सोडू नका.

पायात बंद बूट. चप्पल अजिबात नको. तिकडे सगळीकडे वेडी बाभूळ माजलेली आहे, आपल्याकडे जिला बळ्ळारी जाळी म्हणतात तीच, आणि तिचा काटा पातळ तळव्यातून सरळ आत येतो. डोक्याला टोपीपेक्षा मोठा पंचा किंवा टॉवेल गुंडाळलेला बरा, मान झाकते. काळा चष्मा मिरवण्यासाठी नव्हे, मिठावरून परावर्तित होणाऱ्या उजेडासाठी लागतो. तो नसेल तर संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं.

मुक्काम

एक रात्र तरी तिथेच राहा, शक्यतो दोन. भुजहून जाऊन-येऊन करणाऱ्यांना नेमकी दुपार पदरात पडते, आमच्यासारखी. तंबू आहेत, घरगुती सोय आहे आणि भुंगे आहेत. भुंगा म्हणजे मातीच्या भिंतीचं गोल घर, वर शंकूसारखं छप्पर. जमलं तर भुंग्यातच झोपा. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात कच्छमधली कितीतरी पक्की घरं कोसळली, आणि हे गोल भुंगे मात्र बऱ्याच ठिकाणी तगले. दुसऱ्या दिवशी अवशेषांत तुम्हाला दगडांची गोल जोती दिसतील. शहराचे वैभवाचे दिवस संपल्यावर, अगदी शेवटच्या टप्प्यात जे लोक तिथे राहिले, त्यांची घरं गोल होती. रात्री भुंग्यात झोपलेल्याला ती गोल जोती लगेच ओळखू येतात.

पोचल्याच्या दिवशी संध्याकाळ व्हायच्या आत संग्रहालय बघून घ्या. अवशेषांच्या शेजारीच आहे. शुक्रवारी बंद असतं, त्यामुळे शुक्रवारी पोचू नका. मणी, शंखाच्या बांगड्या, तांब्याची हत्यारं, वजनं, मुद्रा. एक तास पुरे. घाई केलीत तर सकाळी खापराचा तुकडा आणि साधा दगड यांत फरक करता येणार नाही.

सकाळची फेरी

उजाडल्यावर, आठच्या सुमारास सुरू करा, अकरा-साडेअकरापर्यंत संपवा. कोवळं ऊन तिरपं असतं, त्यामुळे भिंतींच्या सावल्या पडतात आणि जमिनीवरची आखणी उठून दिसते. दुपारी हेच सगळं एकाच रंगाचं, सपाट दिसतं. मेहुण्याला नुसते दगड दिसले त्याचं कारण निम्मं तरी हे.

बहुतेक लोक सरळ बालेकिल्ल्यावर चढतात, कारण ते उंच दिसतं. तुम्ही आधी पूर्वेकडच्या मोठ्या हौदाच्या काठावर जा. सुमारे ७३ मीटर लांब, २९ मीटर रुंद, दहा मीटर खोल. कोपऱ्यातून पायऱ्या खाली उतरतात. काठावर पाच मिनिटं शांत बसा आणि आपल्या गावचं तळं आठवा. फरक एवढाच की आपलं तळं भरणारच असतं. इथे वर्षातून मोजके दिवस पाऊस येणार, दोन ओढे थोडे तास वाहणार, आणि तेवढ्यात सगळं शहर वर्षभर पुरेल इतकं पाणी अडवून आत घ्यायचं. ओढ्यांवर बंधारे घातले, पाणी वळवलं आणि एका हौदातून दुसऱ्यात उतरवलं. जमिनीला ईशान्येकडून नैर्ऋत्येकडे तेरा मीटरचा उतार आहे, तो त्यांनी असा वापरला. सोळाच्या आसपास हौद त्यांनी खोदले-बांधले. शहरातली बरीच जमीन पाण्यानेच व्यापलेली होती. घरं कुठे बांधायची हे पाणी ठरल्यावर ठरलं असावं, असं तिथे उभं राहिलं की वाटतं.

मग पूर्वेच्या दरवाज्याने बालेकिल्ल्यात. आत जाताना दोन्ही बाजूंना पहारेकऱ्यांच्या खोल्यांसारख्या जागा आणि गुळगुळीत केलेल्या दगडी खांबांचे तुकडे दिसतात. हात लावू नका, पण वाकून बघा. भाजलेल्या विटांची सिंधू शहरं आपण शाळेच्या पुस्तकात पाहिलेली असतात. इथे दगड मुबलक, म्हणून दगड. कातकामाची सफाई बघून आमच्या बरोबरच्या गवंड्याने, जो माझा मित्र आणि निपाणीचा, सांधा बोटाने मापायचा मोह कसाबसा आवरला.

वर विहीर आहे. काठच्या दगडावर दोराने पडलेल्या खाचा शोधा. सापडतात. माझ्या बायकोने त्या बघितल्यावर तिच्या आजोळच्या आडाची गोष्ट काढली, आणि आमची पुढची दहा मिनिटं तिथेच गेली. विहिरीजवळच्या बांधकामांतून पावसाच्या पाण्याच्या दगडी पन्हळी निघतात. काही इतक्या मोठ्या की माणूस आत वाकून चालेल. त्यांना गटार म्हणू नका. छतावर, अंगणात पडलेला पाऊस त्यातून हौदांकडे जायचा. सांडपाण्याची सोय वेगळी होती, त्यासाठी रस्त्यात घरांच्या बाहेर शोषमाठ पुरलेले सापडले.

आता उत्तरेचा दरवाजा. इथे एका खोलीच्या जमिनीवर दहा मोठी चिन्हं ओळीने पडलेली सापडली. जिप्समचे तुकडे लाकडी फळीवर बसवून केलेली, प्रत्येक चिन्ह साधारण सदतीस सेंटिमीटर उंच, फळी सुमारे तीन मीटर लांब. लाकूड कुजून गेलं, चिन्हं आपल्या जागी राहिली. आरे असलेल्या चाकासारखं एक चिन्ह त्यात चार वेळा आलंय. लिपी अजून कुणाला वाचता आलेली नाही. बहुधा ही दरवाज्यावरची पाटी होती आणि खालच्या मैदानातून दिसत असावी. पाटी कोणत्या भाषेत असावी, यावरून डोकी तापण्याची सवय असलेल्या आम्हा बेळगावकरांना त्या दरवाज्यात उभं राहून थोडं हसू आलं. पाच जणांत दोन कन्नडिग मित्र होते, तेही हसले.

दरवाज्यातून खाली उतरलं की ते मैदान, २८३ मीटर लांब. बाजार, जत्रा, खेळ, सभा, काय भरत असेल ते तुम्ही ठरवा. पलीकडे मधलं नगर: सरळ रस्ते, काटकोनातली वळणं, घरांच्या ओळी. इथे आराखड्याचा कागद काढा आणि आपण कुठे आहोत ते मुलांना दाखवायला सांगा. खालच्या नगरात लवकर फिरून परत दक्षिणेला या, कारण बालेकिल्ल्याच्या दक्षिण पायथ्याला खडकातच कोरलेल्या हौदांची रांग आहे. पूर्वेच्या हौदापेक्षा मला ही जास्त आवडली. खडक कापताना छिन्नीच्या खाली काय आलं असेल, ते थेट दिसतं.

पाय उरले असतील तर पश्चिमेच्या स्मशानाकडे चला. बरीचशी समाधी-स्थळं अशी की आत माणूसच सापडला नाही. नुसती भांडी, मणी. परमुलखात मेलेल्यांची आठवण असेल, असं म्हणतात. अर्धगोल टेकाडांच्या आकाराची मोठी समाधीही इथे आहे. तिच्या खालच्या रचनेत चाकाचे आरे दिसतात.

बाराला सावलीत जा आणि चारपर्यंत बाहेर पडू नका. झोप काढा. संध्याकाळी दहा-एक किलोमीटरवरच्या जीवाश्म उद्यानात जायचं. ज्युरासिक काळातल्या खडकांत दगड झालेले झाडाचे ओंडके तिथे कुंपणाआड आहेत. ओंडके बघायला दहा मिनिटं लागतात. खरं बघायचं असतं ते कड्यावरून खाली पसरलेलं रण.

रणात चुकून सुद्धा करू नये असं

रस्ता सोडून गाडी मिठावर घालू नका. वरचा पापुद्रा कडक, पांढरा, सिमेंटच्या फरशीसारखा दिसतो आणि खाली चिखल असतो. चाक एकदा पापुद्रा फोडून खाली गेलं की ट्रॅक्टर येईपर्यंत तिथेच. फोटोसाठी थांबायचं तर गाडी कडेला पूर्ण घेऊन, दिवे लावून. पायी गेलात तरी पाऊल टाकण्याआधी टाच दाबून बघा, ओल लागली की मागे फिरा. दुपारी क्षितिजावर पाणी, झाडं, कधी गाव दिसतं. ते मृगजळ असतं. हिवाळ्याच्या सुरुवातीला मात्र खरंच पाणी असतं, आणि नशीब असेल तर त्यात रोहित पक्ष्यांचे थवे.

फोनला रेंज मध्येच जाते. नकाशा आधीच उतरवून ठेवा आणि भुजच्या मुक्कामी कुठल्या वाटेने, किती वाजता निघालोय ते सांगून निघा. गाडी बंद पडली तर गाडी सोडून चालत जाऊ नका. सावली आणि पाणी दोन्ही गाडीपाशी असतं. आपत्कालीन मदतीला ११२, रुग्णवाहिकेला १०८, आपल्याकडचेच आकडे तिकडे चालतात. पण रुग्णवाहिका रापर किंवा भचाऊकडून यायची असते, आणि रापरच इथून नव्वद किलोमीटर. ज्यांना रक्तदाब, साखर, हृदयाचा त्रास आहे त्यांनी औषधांचे दोन वेगळे संच, दोन वेगळ्या पिशव्यांत घ्यावेत. गुडघे दुखणाऱ्या मंडळींनी पूर्वेचा हौद आणि संग्रहालय बघावं, बालेकिल्ल्याची चढण टाळली तरी सहल वाया जात नाही.

खापरं पायाखाली येतात. खिशात घालू नका, मुलांनाही आधीच समजावून सांगा. १९५८ च्या पुरातत्त्व कायद्याने हा गुन्हा आहे, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे जागेवरून उचललेलं खापर मुकं होतं, ते कुठल्या थरातलं हे पुन्हा कळत नाही. ड्रोन घरी ठेवा. सरहद्द जवळ आहे, चौकशीत अख्खा दिवस जाईल.

परतताना रापरच्या वाटेवर सकाळी लवकर निघा आणि गांधीधामच्या गाडीआधी अर्धा दिवस मोकळा ठेवा. बूट स्टेशनवरच ओल्या फडक्याने दोनदा पुसून घ्या, विशेषतः चामड्याचे असतील तर. मी पुसले नव्हते. बेळगावला उतरेपर्यंत शिवणीवर पांढरी रेघ उठली होती, आणि गणपत गल्लीतल्या चांभाराने ती बघून विचारलं, "समुद्रात चालत गेला होता काय सायेब?"